टिनकपचं थंड पाणी

नेल्डा प्रिचेट मासे मोजायच्या कामाला लागली ती निव्वळ गिरणी बंद पडली म्हणून. हार्पर फ्लॅटच्या लाकडाच्या गिरणीत ती फळ्यांची प्रतवारी करायची. गिरणीला कुलूप लागलं, ओंडक्यांचा ट्रक हाकणारा तिचा नवरा डेल यालाही एक दिवस काम तर चार दिवस घरी बसणं अशी पाळी आली. तेवढ्यात मत्स्य खात्याला उन्हाळ्यापुरती माणसं हवी आहेत असं कळलं. पाण्यात उतरता येतं का आणि अस्वलाची भीती वाटते का, एवढंच तिला विचारलं म्हणे. "पाण्यात उतरते, आणि अस्वलाला घाबरते," असं सांगून ती कामाला लागली. उन्हाळा संपल्यावर कुणी जा म्हटलं नाही, म्हणून राहिली. मी त्यानंतर काही वर्षांनी किनाऱ्यावरच्या गावातून इथे आलो. तेव्हापासून लोनमेअर नदीचा उजवा काठ तिचा आणि डावा माझा.

लोनमेअर काही मोठी नदी नव्हे. डोंगरातून उतरते, कुरणांतून वळसे घेत जाते आणि जॉन डे नदीला मिळते. पण वसंतात सामन मासे समुद्रातून निघतात, कोलंबिया नदीवरची धरणं चढतात, आणि त्यातले काही नेमके वळून आमच्या या एवढ्याशा पाण्यात येतात, कारण त्यांचा जन्म इथला. उन्हाळाभर ते खोल डोहात काही न खाता बसून राहतात. उन्हं उतरली की मादी शेपटीनं खडी उकरून घरटं करते, अंडी घालते, आणि मग नर-मादी दोघंही तिथेच मरतात. स्टीलहेड माशांचं वेगळं. ते बर्फ वितळायच्या सुमाराला अंडी घालतात, आणि नशीब असेल तर परतही जातात.

आमचं काम या सगळ्यांच्या मागे मागे. उन्हाळ्यात तोंडात नळी धरून पाण्यावर पालथं पडायचं आणि डोहातले मासे मोजायचे. शरदात काठाकाठानं चालत घरटी शोधायची, प्रत्येकापाशी झाडाला फीत बांधायची. वसंतात पिल्लं खाली निघाली की सापळ्यात धरून, मोजून, सोडून द्यायची. शिवाय पाणी किती तापलं, काठाला सावली किती उरली, खडीत गाळ किती बसला, तेही बघायचं. कुणी विचारलं तर नेल्डा म्हणायची, "पाहुण्यांची मोजदाद करते. जेवायला कुणी थांबत नाही, तेवढं बरंय."

या कामात तिला एकच गोष्ट खुपायची, ती म्हणजे टिनकप. हा ओढा एमेट गार्नरच्या जमिनीतल्या झऱ्यातून निघतो. ऐन उन्हाळ्यातही त्यात पाय बुडवला की कळ मस्तकात जाते. पण लोनमेअरला मिळायच्या जरा वरच एमेटच्या वडिलांनी लसूणघासाला पाणी घेण्यासाठी दगडमातीचा बंधारा घातला होता. बंधाऱ्यापलीकडे मासा जाऊ शकत नव्हता, आणि कुंपणापलीकडे नेल्डा.

दर वर्षी ती फाटकाशी जाऊन उभी राहायची. दर वर्षी एमेट ट्रॅक्टरवरून न उतरता नाही म्हणायचा.

"मिस्टर गार्नर, नुसतं बघू द्या. पाण्याचं तापमान घेते नि जाते."

"तुम्ही लोक आधी तापमान घेता. मग माप घेता. मग पाणी घेता."

"मी काही परकी नाही. तुमच्या गोठ्याच्या फळ्या माझ्या बापानं कापल्यात."

"तरीच वाकड्या आहेत."

एमेट सत्तरीच्या पुढे गेला. बायको वारली, गुडघा कामातून गेला. तो बंधारा वसंताच्या पुरात फुटायचा आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी बुलडोझरनं पुन्हा ढकलून घालावा लागायचा. एका वर्षी एमेटला बुलडोझरवर चढताच येईना. एक पाय वर टाकायचा, तोंड वाकडं करायचा आणि पुन्हा खाली यायचा. नेल्डा फाटकाशी उभी होती. त्या दिवशी तिनं माशांचं नावसुद्धा काढलं नाही.

"बंधाऱ्याऐवजी पंप बसवला तर?" ती म्हणाली. "नुसतं बटण दाबायचं. खर्च खात्याचा, आणि तुमचा पाण्याचा हक्क आहे तस्सा राहील."

"आणि पाणी कमी पडलं तर?"

"तर मी स्वतः फावडं घेऊन येईन आणि बंधारा घालून देईन."

एमेटनं तिला टोपीपासून बुटांपर्यंत न्याहाळलं. "तेवढा दम आहे का तुझ्यात, पोरी?"

पोरीनं पन्नाशी कधीच ओलांडली होती. पण त्यानं नाही म्हटलं नाही, आणि एमेटच्या बाबतीत हेच फार झालं. कागदपत्रांत बराच काळ गेला. अखेर एका उन्हाळ्याच्या शेवटी बंधारा निघाला, पंप बसला. टिनकप दगडांवरून खळाळत सरळ नदीला जाऊन मिळाला. एमेट ते बघत उभा होता. "बापानं पाहिलं असतं तर मला त्याच पाण्यात बुडवला असता," म्हणाला आणि लंगडत घराकडे गेला.

मासे काही आले नाहीत. पुढच्या उन्हाळ्यात आम्ही टिनकप पालथा घातला, बेडकांशिवाय काही दिसलं नाही. कॅफेत एमेटला विषयच मिळाला. नेल्डा आत आली की हा मोठ्यानं, "या, या, मासेवाल्या बाई! काल माझ्या ओढ्यात दोन बेडूक आले होते. सख्खे चुलत. त्यांना धरलं का हिशेबात?"

ती हसून कॉफी मागवायची. गाडीत बसल्यावर मात्र म्हणायची, "दार उघडं आहे म्हणून कुणी लगेच आत येतं का, लॉइड? यायला कारण लागतं."

त्याच ऑगस्टात वरच्या डोंगराला आग लागली. गाव वाचलं, एमेटची कुरणंही वाचली, पण लोनमेअर जिथून निघते तो सगळा पट्टा काळाठिक्कर पडला. अशा जमिनीत पाणी मुरत नाही. जोराचा पाऊस झाला की राख, माती, झाडं, सगळं घेऊन खाली येतो. आम्ही हिवाळाभर धास्तावून होतो. पण बर्फ शहाण्यासारखं हळूहळू वितळलं, आणि वसंतात मासे आले, तेही कित्येक वर्षांत आले नव्हते एवढे. नेल्डाला त्याचा आनंद होण्याऐवजी घोरच लागला. "नेमके याच वर्षी कशाला?" असं ती डोहाकडे बघून पुटपुटायची.

जुलैतली गोष्ट. आम्ही टिनकपच्या तोंडाच्या थोडं वर, कड्याखालच्या डोहात उतरलो होतो. आमच्या डोक्यावर लख्ख ऊन होतं, वर लांब कुठेतरी ढग गुरगुरत होते. पाण्याखाली सामन ओळीनं उभे होते, प्रवाहाकडे तोंड करून, जुन्या पितळेच्या रंगाचे, कुणाच्या पाठीवर समुद्रातल्या सीलच्या दातांच्या खुणा. आपण जवळ गेलो की ते थोडे बाजूला सरतात आणि पुन्हा जागेवर येतात. मी माझ्या काठाचे मोजत होतो. तेवढ्यात सगळे एकदम वळले आणि खाली सुटले. काही तर माझ्या बरगड्यांना घासून गेले. पाठोपाठ तोंडात पाणी शिरलं, त्याला विझलेल्या चुलीची चव होती.

माझ्या मानेवर हात पडला. नेल्डानं मला कॉलरला धरून उभा केला.

"वर चढ! लॉइड, सामान राहू दे, वर!"

रबरी पोशाखात कडा चढणं काय असतं ते चढलेल्यालाच माहीत. ती मला खालून ढकलत होती आणि मधूनमधून शिव्या देत होती. आम्ही एका सपाट दगडावर पोचलो आणि आवाज आला. डेलच्या ट्रकमधून ओंडके घरंगळतात तसा, फक्त थांबत नव्हता. मग वळणावरून काळा राडा आला, आख्खी झाडं घेऊन आला आणि आमचा डोह दिसेनासा झाला. नेल्डाचे तळवे सोलवटून रक्त येत होतं, पण ती हाताकडे बघत नव्हती. मासे ज्या दिशेला गेले तिकडे बघत होती.

"जिवंत आहोत आपण," मी म्हटलं.

"आपण आहोत," ती म्हणाली.

पुढचे दिवस मेलेले मासे गोळा करण्यात गेले. नदी खिरीसारखी दाट आणि काळी झाली होती. पूर ओसरला तसे कुरणांत, कुंपणांच्या तारांत, रस्त्यावरसुद्धा मासे सापडले. प्रत्येकाचं माप घ्यायचं, अंगात खात्यानं बसवलेली खुणेची चिप आहे का ते यंत्रानं तपासायचं, मादी असेल तर पोट फाडून बघायचं. अंडी पोटातच होती. नेल्डानं एकही मासा सोडला नाही. टिनकपच्या तोंडाशी ओंडक्यांचा आणि चिखलाचा डोंगर झाला होता. तो आम्ही पलीकडच्या काठावरून पाहिला आणि पुढे गेलो. तिकडचा पूल वाहून गेला होता, आणि बघण्यासारखं काही उरलं असेल असं वाटलंही नाही.

डेल मला पेट्रोलपंपावर भेटला. "घरी येते, अंघोळ करते आणि ओट्यापाशी नुसती उभी राहते," तो म्हणाला. "हरणाच्या मांसाचा चिली रस्सा केला तिच्या आवडीचा. तर म्हणे वास येतो. मी काय करू, सांग."

दुसऱ्या दिवशी कचेरीत ती बूट घासत होती आणि मान वर न करता म्हणाली, "यंदा फिती लागणार नाहीत, लॉइड. बांधायला घरटीच नाहीत."

त्याच सकाळी फोन वाजला. एमेट गार्नर होता.

"ती मासेवाली आहे का तिथे?"

"आहे. काय झालं?"

"तिला म्हणावं, तुझी जनावरं माझ्या रानात घुसलीत. माझ्या गाई बिचकतात, पाण्याला तोंड लावत नाहीत. येऊन घेऊन जा म्हणावं." आणि फोन ठेवला.

मी निरोप जसाच्या तसा सांगितला. "चेष्टेला काही वेळकाळ असतो की नाही या माणसाला?" नेल्डा म्हणाली. पण म्हणता म्हणता तिनं गाडीची किल्ली उचलली होती. पूल नव्हता, त्यामुळे आम्ही डोंगराला वळसा घालून गेलो. वाटेत ती एकदाच बोलली. "बेडूक असतील तर मी त्याला पंपात घालीन."

फाटक उघडं होतं. एमेट तिथे काठी टेकून उभा होता. तो पुढे चालू लागला आणि आम्ही त्याच्यामागून गेलो. वाळुंजाच्या झाडीत टिनकप जिथे जरा रुंद आणि खोल होतो तिथे तो थांबला आणि त्यानं काठीनं दाखवलं.

पाणी काचेसारखं स्वच्छ होतं. आधी मला वाटलं तळाशी सावल्या आहेत. मग एक सावली वळली आणि तिची पितळी कूस चमकली. मग दुसरी. मग झाडाखाली, मुळांच्या आड, जिकडे बघावं तिकडे.

नेल्डानं पोशाख घातला नाही, बूटसुद्धा काढले नाहीत. पाण्यात बघायचा चष्मा चढवला आणि कपड्यांनिशी त्या गारठ्यात पालथी पडली. नळी वर काढून ती बराच वेळ तशीच होती. पाठ गदगदा हलत होती. रडतेय वाटून मी पाण्यात पाऊल टाकलं, तोच ती उठली. नाकातोंडातून पाणी गळत होतं आणि ती हसत होती, असं की तिला श्वास पुरत नव्हता.

"किती?" मी विचारलं.

"काय किती?"

"मासे!"

"अगं बाई!" ती म्हणाली. "मोजलेच नाहीत मी."

"आणि सरकार हिला पगार देतं," एमेट म्हणाला.

ती पुन्हा उतरली आणि या वेळी मोजून आली. नदीत मेले त्याहून जास्त नव्हते, पण एका नदीला पुन्हा सुरुवात करता येईल एवढे नक्की होते. मुळांच्या आड स्टीलहेडची बोटभर पिल्लंही लपली होती. काय झालं असेल ते आम्हाला काठावर उभं राहून हळूहळू उलगडलं. राखेपुढे पळत मासे खाली आले. टिनकपच्या तोंडाशी त्यांना स्वच्छ, गार पाणी लागलं आणि ते आत वळले. मागून लोंढा आला, त्यानं तोंडाशी ओंडके रचले आणि दार लावून घेतलं. चिखल बाहेर राहिला, मासे आत.

एमेट ऐकत होता. मग म्हणाला, "म्हणजे तो बंधारा असता तर…"

"तर तोंडाशीच अडले असते, आणि तिथेच गाडले गेले असते."

"जन्मभर घातला मी तो."

"आणि काढलातही तुम्हीच, एमेट." तिनं त्याला नावानं हाक मारलेली मी तेव्हा पहिल्यांदा ऐकली.

"मी कुठला काढतोय? गुडघ्यानं काढायला लावला," तो म्हणाला. आणि घरातून जाडं ब्लँकेट घेऊन आला, कारण तिचे ओठ निळे पडले होते.

धोका टळला होता असं नाही. ऑगस्ट अजून जायचा होता, आणि एवढे मासे एवढ्याशा पाण्यात म्हणजे ऊन कडक पडलं तरी संपले. एमेटनं गाई वरच्या रानात हलवल्या. मग एक दिवस आम्ही गेलो तर पंप बंद. लसूणघासाच्या कडा पिवळ्या पडत होत्या.

"असं करू नका," नेल्डा म्हणाली. "पाणी तुमचं आहे. मी शब्द दिलाय."

"माझंच आहे ना? मग वापरीन, नाहीतर नाही वापरणार. त्याचीही तुझ्याकडून परवानगी काढू?"

त्यानं घडीची खुर्ची ओढ्याकाठी आणून ठेवली होती. म्हणायचा गुडघ्याला गारवा बरा वाटतो. पण बगळा उतरला की काठी आपटून ओरडायचा ते आम्हाला फाटकापासून ऐकू यायचं. कॅफेत जाणं त्यानं सोडलं. गावातली माणसं मग त्याच्याकडे येऊ लागली. त्यांना तो झाडीपाशीच अडवायचा आणि दबक्या आवाजात दटावायचा, "टाचा आपटू नका. त्यांना कळतं."

सप्टेंबरात सकाळी गवतावर पहिलं दहिवर गोठलं, आणि मादीनं कुशीवर होऊन शेपटी आपटली. खडी उडाली, पाण्याखाली स्वच्छ, फिकट गोल उघडा पडला. नेल्डानं पहिली फीत बांधली. शेवटी फिती संपल्या, तर एमेटनं गवताचे गठ्ठे बांधायची नारिंगी सुतळी आणून दिली. त्या महिन्यात टिनकपची सगळी वाळुंजं सुतळ्या मिरवत होती.

ऐन थंडीत, पिल्लं खडीतून बाहेर यायच्या आत, तोंडाशी अडकलेले ओंडके काढायचं काम निघालं. डेल ट्रक घेऊन आला, साखळ्या लावल्या आणि एकेक खोड ओढून काठावर घेतलं. थोडी लाकडं नेल्डानं मुद्दाम तशीच ठेवायला लावली, पिल्लांना लपायला. "बायकोच्या माशांसाठी ओंडके काढा, बायकोच्या माशांसाठी ओंडके ठेवा," डेल मला म्हणाला. पण तो कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच शीळ घालत होता, आणि दुपारी त्यानं आणलेल्या चिलीचा डबा नेल्डानं एकटीनं संपवला.

मार्चच्या अखेरीला स्टीलहेडची एक जोडी नदीतून आपणहून टिनकपमध्ये चढली. त्यांना कुणी हाकललं नव्हतं. ती बघून नेल्डा ओल्या गवतावर बसलीच. "यांना काय कारण लागलं म्हणायचं?" मी विचारलं. "पाणी चांगलंय," ती म्हणाली.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी सापळ्याच्या पेटीत सामनची पिल्लं दिसली. काडीएवढी, नुसते डोळे आणि कुशीवर करडे ठिपके. एमेट चष्मा कपाळावर सारून बादलीत वाकला.

"एवढंसं? आणि हे समुद्रापर्यंत जाणार?"

"सगळी नाही. पण काही जातील. आणि त्यातली काही परत येतील, इथेच."

एमेट अजून बादलीतच बघत होता. "माझ्या नातवाला पोर्टलंडहून इथवर यायला जमत नाही," तो म्हणाला.

पुढच्या रविवारी मी नेल्डाचा राहिलेला जेवणाचा डबा द्यायला तिच्या घरी गेलो. डेल पायरीवर बसून करवतीला धार लावत होता. मला बघताच त्यानं ओठांवर बोट ठेवलं.

"झोपलीय," तो कुजबुजला. "काल जेवली आणि पडली ती अजून उठली नाही. एमेटचा दोनदा फोन आला, ओढ्यात काहीतरी हललं म्हणे. मी सांगितलं, हलू दे."

त्यानं सरकून पायरीवर जागा केली. आत घरात कुठेही काही वाजत नव्हतं. आम्ही दोघं उन्हात बसलो आणि तिच्या उठण्याची मुळीच घाई न करता कॉफी प्यालो.